गाडीचं बोला : सगळ्यांत चांगली कोणती, सगळ्यांत वाईट कोणती?

आजवर चालवलेल्या गाड्यांत सगळ्यांत चांगली कोणती आणि सगळ्यांत वाईट कोणती, असं आम्ही मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं. उत्तरं आलीच, पण प्रश्न त्याहून जास्त आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्र. आमच्याकडे दर रविवारी यावरून वाद होतो. तुम्ही एकेक नाव सांगून टाका. ‘ज्याची त्याची आवड’ असलं उत्तर नको. — एक वाचक, धरमपेठ

उ. चांगली मारुती ८००, त्यातही १९८६ नंतरचं मॉडेल. वाईट स्टँडर्ड २०००.

आधी वाईट गाडीचं बघू. १९८५ साली मद्रासहून आलेली स्टँडर्ड २००० दिसायला देखणी होती, कारण तिची बॉडी रोव्हर एसडी-१ ची होती. विलायतेत या बॉडीत साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन बसायचं आणि त्या गाडीने १९७७ चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ किताब मिळवला होता. इथे मात्र त्याच बॉनेटखाली जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातलं १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्यातून जेमतेम ८०-८५ अश्वशक्ती निघायची. एवढं धूड ओढताना इंजिनाला सतत पिळावं लागे, पेट्रोल भरमसाट जाई आणि पिकअप नावालाच. १९८८ पर्यंत खेळ आटोपला.

बॉडी चांगली आणि इंजिन चुकीचं, हा रोग दुरुस्त होऊ शकतो, याचा पुरावा कॉन्टेसा. १९८४ मध्ये ती अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन घेऊन आली आणि लोकांनी नाकं मुरडली. पुढे इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर मिळाल्यावर तीच गाडी शौकिनांची लाडकी झाली.

मारुती ८०० मध्ये हा विसंवाद कुठेच नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि साधारण साडेसहाशे किलोची गाडी, त्यामुळे इंजिनावर ताण येत नाही. जुनी घेणार असाल तर नागपूरच्या उन्हासाठी एक तपासणी सोडू नका. गाडी दुपारी उभ्यानेच १५ मिनिटं चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाला पाहिजे. लागलाच नाही तर पंख्याचा थर्मो स्विच गेला असेल. तो स्वस्त आहे. पण तशीच चालवत राहिलात तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जाते आणि खर्च कुठल्या कुठे पोहोचतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर हे आधीच होऊन गेलंय असं समजा.

प्र. माझी पद्मिनी मे महिन्यात सिग्नलला बंद पडते. अर्ध्या तासाने आपली आपण सुरू होते. मिस्त्री म्हणतो कॉइल बदला. — एक वाचक, सक्करदरा

उ. ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल गरम झाली की तीही अशीच दगा देते. म्हणून बंद पडल्या क्षणी एका प्लगची वायर काढून ठिणगी बघा. ठिणगी निळी आणि जोरदार असेल तर कॉइलला बोल लावू नका. तो व्हेपर लॉक आहे.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिन ब्लॉकलाच बसवलेला असतो. गाडी धावत असते तोवर वारा लागतो आणि टाकीतून थंड पेट्रोल येत राहतं. व्हरायटी चौकात दोन मिनिटं उभी राहिली की वारा बंद होतो. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला, वाफ नुसती दाबली जाते आणि पुढे काही सरकत नाही. इंजिन निवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, म्हणून अर्ध्या तासाने गाडी निमूट सुरू होते.

तात्पुरता उपाय जुन्या टॅक्सीवाल्यांचा : पंपावर ओलं फडकं. कूलरच्या ताट्या जे करतात तेच हे फडकं करतं, पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं. फडकं फॅनबेल्टच्या वाटेत येणार नाही असं बांधा.

कायमचा उपाय करायचा तर आधी पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर वळवा आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवा. मग पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये, तसंच कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड ठोकळा असतो तो जागेवर आहे का पाहा. अनेक गाड्यांत तो तुटल्यावर कोणीतरी नुसती गॅस्केट लावून मोकळा झालेला असतो. पंपाखालचा ठोकळा नवीन टाकताना मूळच्याच जाडीचा घ्या. जास्त जाड घेतला तर पंपाचा दांडा कमी सरकतो आणि पेट्रोल कमी येतं.

एवढं करूनही त्रास राहिला तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवा, २.५ ते ४ पीएसआयचा. इथेच घोळ होतो. एमपीएफआय गाडीचा (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारीचा) पंप सहज मिळतो म्हणून तो बसवतात. त्याचा दाब ४० पीएसआयच्या वर. कार्बोरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल बाहेर सांडतं आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो. गाडी पेटायला आणखी काय लागतं?

शिवाय आता पेट्रोल भरायच्या पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि भेगाळतात. सगळ्या नळ्या ई-२० चालणाऱ्या घ्या, पंपाचा पडदाही तसाच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. प्लगचं टोक पांढरं पडत असेल तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा टाकून बघा. आणि मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर परत बसवा. तो काढणं हा व्हेपर लॉकचा इलाज नाही.

प्र. बाबांची चेतक १० वर्षांपासून पोर्चमध्ये उभी आहे. टू-स्ट्रोक, पॉइंटवाली. भाऊ म्हणतो, पेट्रोल टाक अन् किक मार. — एक वाचक, मानेवाडा

उ. भावाला थांबवा, ताई. सुकलेल्या सिलिंडरमध्ये किक मारली तर रिंगा लाइनरवर ओरखडे काढतील.

प्लग काढा, त्या छिद्रातून चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून किक हाताने हळूहळू दाबा. इंजिन फिरलं तर उत्तम. घट्ट बसलं असेल तर पाय वापरू नका. हेड काढून वरून ऑइल सोडावं लागेल आणि लाकडाच्या ठोकळ्याने पिस्टन हलका ठोकून मोकळा करावा लागेल.

मग टाकी. जुनं पेट्रोल सगळं काढा. आत गंज असेल तर मूठभर छोटे नट आणि अर्धा लिटर पेट्रोल टाकून टाकी भरपूर हलवा, गाळ ओता आणि पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत असंच करत राहा. नट मोजून टाका आणि मोजून काढा. कॉकची जाळी आणि पेट्रोलची नळी नवीनच घ्या. कार्बोरेटरचे दोन्ही जेट काढून पेट्रोलात भिजवा आणि हवा मारा. तार घालू नका, छिद्र मोठं झालं की मिश्रणाचा हिशेबच बिघडतो.

पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या पट्ट्यांवर, हिरवट थर आला असेल. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, कोरड्या कापडाने पुसा, फ्लायव्हीलच्या खिडकीतून फिलर गेज घालून अंतर ०.४ मिमी ठेवा. प्लगचं अंतर ०.६. ठिणगी पिवळी आणि मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदला. गिअर ऑइल एसएई ३०, साधारण २५० मिली.

पहिल्या टाकीला लिटरमागे ३० मिली टू-टी ऑइल, नंतर २०. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं धूर निघणारच. तो थांबला नाही आणि गिअर ऑइल कमी होत गेलं, तर क्लचकडचं क्रँक सील सुकून गेलंय, इंजिन ते ऑइल पितंय. उलट, एक्सलरेटर सोडूनही इंजिन चढतच राहिलं तर फ्लायव्हीलकडच्या सीलमधून हवा शिरतेय. अशी गाडी अजिबात फिरवू नका, पिस्टन जाम होतो. दहा वर्षं उभ्या गाडीची दोन्ही सीलं आधीच बदललेली बरी. क्लच सुटत नसेल तर प्लेटा चिकटल्या आहेत. इंजिन बंद, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी पुढे-मागे झटकली की बहुधा सुटतात.

आणि टायर. चेतकची रिम दोन भागांची असते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना जोडणारे नट सैल केले तर रिम उसळून तोंडावर येते. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय पान्ह्याला हात लावू नका.

प्र. आरएक्स १०० मिळतेय. ‘ओरिजिनल’ म्हणून किंमत नव्या गाडीएवढी सांगतोय. खरी कशी ओळखायची? — एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उ. इंजिन आणि चॅसिस दोन्ही नंबर १एल१ ने सुरू व्हायला हवेत आणि आरसी बुकाशी जुळायला हवेत. आकडे घासून पुन्हा ठोकलेले असतील तर ओळ वाकडी दिसते, बोटाला खड्डा लागतो. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच बनली, तेव्हा ‘९८ चं मॉडेल’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

नंबर खरे असूनही वरचं सिलिंडर आरएक्स १३५ चं असू शकतं. हेड उघडायला मालक तयार असेल तर बोअर मोजा : १०० चा ५० मिमी, १३५ चा ५८. स्ट्रोक दोन्हींचा ५०. ओव्हरसाइज पिस्टन चढवलं असेल तर बोअर ५०.२५, ५०.५० असा पाव-पाव मिलिमीटरने वाढलेला मिळेल. ५१ च्या जवळ असेल तर पुढच्या बोअरिंगला जागा उरलेली नाही.

ऑइल पंप चालू आहे का, हे नक्की विचारा. तो काढून टाकून पेट्रोलातच ऑइल मिसळणारे मालक बरेच आहेत, आणि गाडी विकताना ते सांगायचं विसरतात. तुम्ही नुसतं पेट्रोल भरून काटोलकडे निघालात तर वाटेतच पिस्टन धरेल. आरसीची मुदत १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, फॉर्म २५ भरून. ती वाढवलेली नसेल तर ते काम विक्रेत्याकडून करवून घ्या, मगच पैसे द्या.

प्र. चांगली आणि वाईट एकाच गाडीत असू शकते का? — एक वाचक, कामठी

उ. राजदूत ३५०. ३४७ सीसीचं जुळ्या सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, पहिल्या हाय टॉर्क मॉडेलची ३०.५ अश्वशक्ती. त्या काळात रस्त्यावर तिला तोड नव्हती. पण ती जिच्यावरून बनली त्या जपानी यामाहा आरडी ३५० ला पुढे डिस्क ब्रेक होता आणि आपल्याकडच्या गाडीला ड्रम. त्या ड्रमला दोन कॅम असतात आणि त्यांना जोडणारी एक सळई असते. तिची लांबी चुकली की एकच लायनर टेकतो आणि ब्रेक निम्मा होतो. सळई सुटी करून दोन्ही लायनर एकाच वेळी टेकतील अशी लांबी जुळवा, मगच केबल ताणा.

प्र. नॅनो सगळ्यांत वाईट, असं सगळेच म्हणतात. — एक वाचक, नंदनवन

उ. आम्ही म्हणत नाही. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, शहरातल्या शहरात फिरायला केलेली गाडी. तिला हायवेवर दामटणाऱ्यांनी तिचं नाव खराब केलं. इंजिन मागे असल्यामुळे मागच्या चाकांपुढच्या हवेच्या खाचा चिखलाने बुजू देऊ नका. पुढचे टायर १३५ आणि मागचे १५५, म्हणून त्यांची अदलाबदल करता येत नाही.

प्र. पेंचमध्ये सफारीला चालवलेली जिप्सी स्वस्तात मिळतेय. घ्यावी का? — दोन भाऊ, रामटेक

उ. जिप्सी म्हणून गाडी उत्तमच. सफारीची जिप्सी म्हणाल तर वाकून बघितल्याशिवाय नाही. चॅसिसला पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे टांगलेले असतात तिथे चिरा आणि वेल्डिंग शोधा. मागे उंच सीट बसवण्यासाठी फ्लोअरला भोकं पाडलेली असतात, तिथून गंज धरतो. ताशी ६० च्या आसपास स्टीअरिंग थडथड हलत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग करा, टाय रॉडचे एंड बघा, आणि तरीही हलत असेल तर किंगपिन बेअरिंग गेलंय. फोर-व्हील लो मध्ये चढावर एक्सलरेटर सोडा. लिव्हर आपोआप बाहेर येत असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) उघडावा लागेल.

इंजिन १९९६ नंतरचं १.३ लिटरचंच घ्या, शक्यतो २००० नंतरचं एमपीएफआय. आधीच्या ९७० सीसीला चढावर दम लागतो. नंबरची पाटी पिवळी, म्हणजे भाड्याच्या गाडीची, असेल तर परमिट रद्द करून खासगी नोंदणी झाल्याशिवाय व्यवहार करू नका.

प्र. जुनी गाडी घेऊन समृद्धीवरून शिर्डीला जावं म्हणतो. — एक निवृत्त वाचक, प्रतापनगर

उ. गाडी चारचाकी आहे ना, काका? दुचाकीला तिथे प्रवेश नाही. टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, त्या सिमेंटवर नेऊ नका. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती बहुधा सगळ्यांत म्हातारी निघते. हवा पहाटे, टायर थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरा. उन्हाळा म्हणून कमी भरली तर टायरच्या बाजू जास्त दुमडतात, त्यानेच तो तापतो आणि फुटतो. वाटेत थांबल्यावर दाब वाढलेला दिसेल, तेव्हा हवा सोडू नका.