‘मॅडम, शिनचॅन बघून बिघडलाय तो’

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. मूल पाच ते आठ वर्षांचं असतं, सुट्टीभर कार्टून बघितलेलं असतं आणि आता ते उलट उत्तरं देतं, पाहुण्यांसमोर ढुंगण हलवून नाचतं, मोठ्यांना काहीबाही बोलतं. पालकांचा प्रश्नही ठरलेला: लहान मुलांच्या कार्यक्रमांतला विनोद फार आचरट झालाय, सगळं बंदच करून टाकू का?

हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये यासाठी नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि कुटुंबाची परवानगी घेतली आहे.

विहान पहिलीत. आई बँकेत, वडील कंपनीत शिफ्टमध्ये, घरी आजी-आबा आणि तीन वर्षांची धाकटी बहीण. पहिल्या भेटीला आई आणि आजी आल्या. झालं होतं असं, की नात्यातल्या एका बारशाला विहानने एका नव्या लग्न झालेल्या मावशीजवळ जाऊन हिंदीत विचारलं, ‘क्या आपको शिमला मिर्च पसंद है?’ मग चड्डी खाली करून तो नाचला. काही जण हसले, काहींनी नाकं मुरडली, आणि आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ही हकिगत तिने तपशीलवार सांगितली. उठता उठता म्हणाली, “आणि हो, शाळेच्या डायरीत एक नोट आलीय. वर्गातल्या कुठल्या मुलाला काही तरी चिडवतो म्हणे. तो मुलगा शाळेत यायला तयार नाही.”

बारशाचं सांगायला अर्धा तास आणि रडणाऱ्या मुलाला दोन वाक्यं. आमच्या कामात हे नेहमीचं आहे. चारचौघांत आपली लाज गेली की ते आधी बोचतं. मी डायरीतल्या नोटखाली रेघ मारून ठेवली.

आधी शिनचॅन या खोडकर कार्टून पोराबद्दल, कारण आईचा सगळा राग त्याच्यावर होता. हे पात्र जन्माला आलं तेच मुळात मोठ्यांसाठी. 1990 मध्ये जपानमध्ये प्रौढ वाचकांच्या एका साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू झाली. 1992 मध्ये ती टीव्हीवर आली आणि मग पोरांनी तिला आपलंसं केलं. तिथल्या पालकांनीही तेव्हापासून कपाळावर हात मारून घेतलेला आहे; मुलांनी बघू नये असं पालकांना वाटणाऱ्या कार्यक्रमांच्या तिथल्या यादीत ही मालिका वर्षानुवर्षं वरच्या नंबरांवर असायची. आपल्याकडे 2008 च्या अखेरीस तक्रारींमुळे ती काही काळ बंद झाली आणि पुढे काटछाट होऊन परत आली. हे सांगितल्यावर आईचा चेहरा जरा सैलावला. आपणच एकटे नाही, हे कळलं की माणूस ऐकायला तयार होतो.

पण यातला जो भाग मोठ्यांना आक्षेपार्ह वाटतो, तो सहा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा पोचतच नाही. शिनचॅनच्या तोंडचं शिमला मिरचीचं ते वाक्य म्हणजे बायकांवर लाइन मारणं आहे, हे विहानला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, “असं बोललं की मोठी माणसं लाल होतात.” त्याच्या दृष्टीने तो एक मंत्र होता. म्हटला की खोलीतली सगळी मोठी माणसं आपल्याकडे बघतात. एरवी मोबाइलमधून मान वर न करणारी माणसंसुद्धा. आणि बारशाच्या आधी घरात तो हे म्हणायचा तेव्हा काय व्हायचं? आत्या खिदळत व्हिडिओ काढायची आणि तो फॅमिली ग्रुपवर जायचा. एका काकांनी ‘परत एकदा कर ना’ म्हणून त्याला चॉकलेटही दिलं होतं. घरात ज्यासाठी चॉकलेट मिळतं, त्याच गोष्टीसाठी बारशाला पाठीत धपाटा का पडला, हे त्याला समजलं नव्हतं. मलाही समजलं नसतं.

ढुंगण, शी, शू, पाद यांवर पाच-सहा वर्षांची मुलं जगात सगळीकडे हसतात. नुकतीच जी गोष्ट आपल्या ताब्यात आलीय आणि जिच्याबद्दल मोठे दबक्या आवाजात बोलतात, तिच्यावर हसायला मजा येते. आजींचं म्हणणं होतं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी त्यांना विचारलं, “खेळताना वास आला तर कोण, हे कसं शोधायचात?” त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि सुनेसमोरच म्हणाल्या, “आदा पादा कोण पादा!” सुनेने ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

त्यामुळे नाचाचा प्रश्न मी फार मोठा मानला नाही. उपाय साधा होता. घरात कुणीही हसायचं नाही, ओरडायचं नाही, व्हिडिओ तर अजिबात काढायचा नाही. ‘चड्डी फक्त बाथरूममध्ये काढायची’ एवढं एक वाक्य सपाट आवाजात सांगायचं आणि आपल्या कामाला लागायचं. सगळ्यात अवघड गेलं आत्याला. पण प्रेक्षक उठून गेल्यावर नाच हळूहळू ओसरला.

आता डायरीतली नोट.

विहानबरोबर मी एक भाग माझ्या खोलीत बसून बघितला. आई मागे खुर्चीवर होती. मुलाला ‘हे चांगलं की वाईट’ असं विचारून काही हाती लागत नाही. त्याला पाठ केलेलं उत्तर माहीत असतं. मी मध्ये मध्ये थांबवून एवढंच विचारते, की आता कोण हसलं, आणि कुणाला हसले.

“आई का चिडली त्याची?”

“त्याने तिचं वजन सगळ्यांना सांगितलं.”

“मग?”

“मग तिने टेंगूळ दिलं. पण ते कार्टूनमधलं टेंगूळ आहे. लगेच जातं.”

म्हणजे खरं-खोटं त्याला चांगलं कळत होतं. मी विचारलं, “तुझ्या आईचं वजन तू असं सांगितलंस तर?”

“आईला राग नाही येत. बाबा रोज सांगतात.”

मागच्या खुर्चीकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

मग वर्गातल्या मुलाचा विषय काढला. विहान त्याला ‘ढोल्या’ म्हणत होता, आणि तो बाकावर बसला की ‘मोडला, मोडला’ असं ओरडत होता. हे शिनचॅनमधलं नव्हतं. घरी रोज रात्री जेवताना सगळे मिळून विनोदी स्किटचा एक कार्यक्रम बघायचे. जाडा नट खुर्चीवर बसला की बाकीचे दचकतात, ठेंगण्याला उचलून ठेवतात, एखाद्या नटीच्या रंगावरून टोमणा मारतात, परीक्षक टेबल बडवून हसतात. आबांचा आवडता कार्यक्रम. मुलांसाठी केलेला नाही, पण ताट घेऊन मूल तिथेच बसलेलं. मुलांच्या कार्यक्रमांत शिवीगाळ आणि उघड हिंसा नको, असं केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांत आहे, आणि ओटीटीवर 2021 पासून वयाची लेबलंही लावावी लागतात. आठच्या जेवणाला कुठलंच लेबल नसतं.

“तो रडला तेव्हा तुला काय वाटलं?” मी विचारलं.

“मला कळलंच नाही तो का रडला. आबा मला लुकड्या म्हणतात. मी रडतो का?”

पाच-सहा वर्षांच्या मुलाला गंमत आणि टोमणा यांतला फरक आवाजावरून, चेहऱ्यावरून, नात्यावरून ओळखायचा असतो, आणि ती समज अजून कच्ची असते. बोलणाऱ्याच्या मनात शब्दाच्या उलटा अर्थ आहे, हे साधारण सहा-सातनंतर हळूहळू उमगू लागतं. तोवर त्याच्याकडे एकच खूण असते: सगळे हसले, म्हणजे बरोबर बोललो. विहानने घरातली पद्धत वर्गात नेली होती. तिथेही पोरं हसली होती.

नंतरच्या भेटीला वडील आणि आबा आले. वडिलांचं म्हणणं, “आम्हीही टॉम अँड जेरी बघूनच मोठे झालो. काय झालं आम्हाला?” त्यांचं अगदी चूक नाही. टॉम अँड जेरी 1940 मध्ये थिएटरात सिनेमाआधी दाखवायला सुरू झालं, लहान-मोठ्या सगळ्यांसाठी. फरक एवढाच, की आपल्या लहानपणी ते ठरावीक वेळेला लागायचं आणि संपायचं. आता तोच भाग मूल पुन्हा पुन्हा लावतं, एकटं बसून, आणि त्यावर बोलणारं शेजारी कुणी नसतं. मग त्यांनी सुचवलं की शेवटी धडा असतो अशी संस्कारी कार्टून लावू. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. 2008 मध्ये अमेरिकेत मेरी-लुईस मेअर्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला; त्यात तीन पायांचा कुत्रा होता आणि जो वेगळा आहे त्याला दूर लोटू नये, हा धडा होता. बऱ्याच मुलांनी घेतलेला बोध असा, की तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी ‘चांगल्या’ कार्टूनमध्ये जाडा तोच खादाड आणि तोच बावळट असतो. शेवटचं एक मिनिट धड्याचं, त्याआधीचा सगळा वेळ त्याच्यावर हसण्याचा. मूल सगळा वेळ बघतं.

आबा तोवर गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आता घरात हसायचंही नाही का?”

मी म्हटलं, खूप हसा. फक्त लुकड्याबद्दल विहानला माझ्यासमोर विचारू या. आबांनी विचारलं, “काय रे, मी तुला लुकड्या म्हणतो ते आवडत नाही का?” विहानने बराच विचार केला. “घरी चालेल,” तो म्हणाला. “व्हॅनवाल्या काकांसमोर नको. व्हॅनमध्ये सगळे म्हणतात मग.”

आबांनी चष्मा काढून पुसला आणि व्हॅनमध्ये कोण कोण म्हणतं ते विचारलं. तिथून पुढचं बरंचसं काम आबांनीच केलं.

शाळेत मी बाईंना विनंती केली, की वर्गासमोर उभं करून ‘सॉरी’ म्हणायला लावू नका. त्याने त्या मुलाचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी जातं. विहानने त्याला मधल्या सुट्टीत एकट्याला सांगितलं, की आता ढोल्या म्हणणार नाही. तो मुलगा काही बोलला नाही म्हणे, पण शाळेत येऊ लागला. दोघांची दोस्ती वगैरे झाली नाही, आणि व्हायलाच हवी असंही नाही.

बाकी बदल लहान होते. जेवताना टीव्ही बंद. आबांचा कार्यक्रम मुलं झोपल्यावर. शिनचॅन पूर्ण बंद केलं नाही, पण तो आजीच्या शेजारी बसून बघायचा आणि आजीने मधूनच विचारायचं, आता कुणाला हसले रे. त्यात आजीच जास्त रमल्या. पाहुण्यांशी उलट बोलणं अजून पूर्ण गेलेलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत.

मात्र काही वेळा मी स्पष्ट सांगते, की हा कार्यक्रम आता थांबवा: मूल रात्री दचकून उठत असेल, पडद्यावरची खोडी धोक्याच्या रीतीने करून बघत असेल (पायात दोरी अडकवणं, डोक्यात वस्तू मारणं, जिन्यात तेल सांडणं), किंवा समोरचं मूल रडतंय हे स्वच्छ कळूनही मजा घेत असेल. शेवटच्या बाबतीत नुसता रिमोट लपवून भागत नाही, भेटायला या. आणि एखादा भागच खरोखर आक्षेपार्ह वाटला तर वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. मनोरंजन वाहिन्यांवरच्या तक्रारींसाठी 2011 पासून ‘ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल’ आहे.

निघताना आईने धाकटीचं विचारलं. तीन वर्षांची आहे, दादाबरोबर तीही बसते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या 2021 च्या सूचनांप्रमाणे दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि तोही कुणीतरी सोबत असताना. कमी असेल तितकं बरं. शिनचॅनचे विनोद तिला अजून कळत नाहीत, ती दादाची नक्कल करते. म्हणून दादा बघत असेल त्या वेळी तिला आबांबरोबर खाली बागेत पाठवायचं ठरलं. वजनाच्या विषयासाठी आई-बाबांनी दोघांनीच परत यायचं ठरलंय. बाबांची शिफ्ट बदलली की तारीख देते म्हणाली.