"मॅडम, आता मोटिव्हेशनच उरलं नाही" : पाच अर्धवट वह्यांची गोष्ट

गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मला कळतं. "वजन कमी केलं होतं मॅडम, पण परत वाढलं, आता पुन्हा सुरू करायची इच्छाच होत नाही." कॉलेजातली मुलगी हेच म्हणते, पन्नाशीतले कापडाचे व्यापारी हेच म्हणतात, बाळंतपणानंतर कामावर परतलेली आईसुद्धा हेच म्हणते. आणि मी समुपदेशक, म्हणून सगळ्यांना माझ्याकडून मोटिव्हेशन हवं असतं. म्हणून आज एका वहिनींबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावही देत नाही, वहिनीच म्हणते.

वय ४७, इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहतात, सरकारी ऑफिसात अकाउंट्स बघतात, घरी मिस्टर, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. पहिल्या दिवशी कापडी पिशवी घेऊन आल्या, पिशवीत पाच वह्या. दर वेळी डाएट सुरू केलं की नवी वही घालायची. एक गुढीपाडव्याची, दोन एक जानेवारीच्या, एक दिवाळीनंतरची आणि एक डॉक्टरांनी शुगर बॉर्डरला आलीय सांगितल्यावरची. पाचही टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "हे माझं रेकॉर्ड. पाच वेळा फेल. मेरे बस का नहीं है मॅडम." आपल्याकडचं मराठी माणूस मनापासून खचलं की हिंदीत बोलतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय, त्यामुळे ते वाक्य मी हलकं घेतलं नाही.

वजन तेव्हा ८६ किलो. मधल्या एका प्रयत्नात ७९ पर्यंत आणलं होतं, मग परत वर.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती राहून जाते. वजनासाठी कुणीही आलं तर मी पहिल्यांदा डॉक्टरकडे पाठवते. थायरॉइड, शुगर, चालू असलेली औषधं, बायकांमध्ये पाळीच्या तक्रारी, हे बघितल्याशिवाय मनाच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नाही. काय खायचं ते डाएटिशियन सांगेल. माझं काम त्यानंतरचं.

वहिनींचे रिपोर्ट आले, शुगर सोडून बाकी ठीक होतं. मी विचारलं, किती वजन करायचंय?
"बासष्ट."
"बासष्टच का?"
"लग्नात बासष्ट होते."

म्हणजे २३ वर्षांपूर्वीचा फोटो हे टार्गेट, आणि ८६ वरून निघालेली बाई ७९ ला पोचली तरी तिच्या लेखी ती नापासच, कारण अजून १७ बाकी! मी त्यांना अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शुगर वाढलेली पण अजून डायबिटीस न झालेली तीन हजारांवर माणसं त्यात होती. त्यातल्या एका गटाला टार्गेट दिलं होतं वजनाच्या फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. जवळपास तीन वर्षांत त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. वहिनींनी मोबाइल काढून तिथल्या तिथे हिशोब केला, ८६ चे सात टक्के म्हणजे सहा किलो. "म्हणजे मी तेव्हा पास झाले होते?" मी म्हटलं हो, झाला होतात, तुम्हाला कुणी सांगितलं नाही इतकंच.

त्या दिवशी त्या जरा सरळ बसल्या. पण नुसत्या आकड्यांनी माणूस फार दिवस चालत नाही हे मला माहीत होतं.

चौथ्या भेटीला मी त्यांच्या वह्या मागितल्या. घरी नेऊन रात्री वाचल्या, पाचही, पहिल्या पानापासून. आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली जी त्यांच्या स्वतःच्या कधी लक्षात आली नव्हती. प्रत्येक वहीचं शेवटचं पान चांगल्या दिवसाचं होतं. "मुगाचं धिरडं, ताक, सॅलड, ४० मिनिटं चालले." त्यापुढे कोरं. पाचही वह्यांत तसंच. वाईट दिवस एकाही वहीत नव्हता!

पुढच्या भेटीत त्या पाच पानांवर वह्या उघडून मी त्यांच्यासमोर ठेवल्या.

"याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं होतं?"
बराच वेळ बघत राहिल्या. मग एका वहीवर बोट ठेवलं. "ही ७९ वाली. पुण्याहून नणंद आली होती, रात्री सगळे सराफ्यात गेलो. दहीवडा, भुट्ट्याचा कीस, मग मालपुआ, शेवटी रबडी. सगळं खाल्लं."
"आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी?"
"त्याच्या दुसऱ्या दिवशी काय, सगळंच सुटलं."

सराफा म्हणजे आमच्या इंदूरचा सराफ बाजार, रात्री तिथे खाण्याची दुकानं लागतात. मी म्हटलं, आपण सराफ्याचा हिशोब करू, तुमचं कामच आहे ते. समजा त्या रात्री नेहमीपेक्षा दीड हजार कॅलरी जास्त गेल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मग त्या रात्रीची चरबी किती? त्यांनी उत्तर काढलं, दोनशे ग्रॅमसुद्धा नाही. मग बाकीचे सहा किलो आठशे ग्रॅम कुठून आले?

त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

मग मी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर स्वतःला काय म्हणालात? अगदी तसंच्या तसं सांगा. म्हणाल्या, "म्हणाले, तू अशीच आहेस. जी बाई जीभ आवरू शकत नाही ती वजन काय कमी करणार. आता कशाला ती वही."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे आणि याचा मला अभिमान आहे. घडलेली घटना माणसाला जेवढी खचवते त्याहून जास्त त्या घटनेवरून तो स्वतःला जे लेबल लावतो ते खचवतं, हे त्यांनी १९५५ पासून मांडलं आणि माझ्या खोलीत मी ते दर आठवड्याला खरं होताना बघते. म्हणून म्हटलं, "वहिनी, रबडी खाल्ली ही एक गोष्ट. 'मी अशीच आहे' ही दुसरी. पहिली सराफ्यात झाली. दुसरी घरी झाली, सकाळी, शुद्धीवर असताना, आणि ती तुम्ही केलीत. सात किलो दुसरीचे आहेत."

आणि मग मला तो प्रश्न सुचला जो मी आधीच विचारायला हवा होता. "ऑफिसात लेजरमध्ये चुकीची एंट्री पडली तर काय करता? लेजर फेकून नवं घालता?"
"छे! असं कसं करता येईल? खोडायचंसुद्धा नसतं. रेक्टिफिकेशनची, म्हणजे दुरुस्तीची, एंट्री पास करायची आणि पुढे..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी वह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी पाच लेजर फेकले मॅडम," एवढंच म्हणाल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले, कारण अशा वेळी समुपदेशकाने बोललं तर तो क्षण समुपदेशकाचा होतो. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडेच येतात, आणि त्यांच्यासाठीच मी हे काम करते. उत्तर त्यांच्याच जवळ होतं, रोज दहा ते सहा त्या तेच करत होत्या, फक्त स्वतःच्या बाबतीत ते वापरायची परवानगी त्यांनी स्वतःला दिली नव्हती.

यात वहिनी एकट्या नाहीत. हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी १९७५ मध्ये एक प्रयोग केला होता, काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि नंतर चवी सांगायच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम. ज्या डाएट वगैरे करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं ना. ज्या खाण्यावर सतत ताबा ठेवत होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबायचं, असा हा हिशोब. उपासाला चुकून दाणा तोंडात गेला की "मोडलाच आता" म्हणून जेवायला बसतो तसंच हे, पण उपास एका दिवसाचा असतो आणि वजनाचं काम वर्षांचं, तिथे हा नियम लावला की माणूस कायमचा हरतो.

मग मी त्यांना एक गृहपाठ दिला. शनिवारी मिस्टरांबरोबर मुद्दाम सराफ्यात जायचं, आवडीचं खायचं, घरी येऊन झोपायच्या आधी वहीत लिहायचं. रविवारी सकाळी नेहमीचा नाश्ता, शिक्षा म्हणून उपास करायचा नाही. (हा गृहपाठ सगळ्यांसाठी नाही. खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटतो, भराभर खूप खाल्लं जातं, खाऊन उलटी काढली जाते असं होत असेल तर तो वेगळा त्रास आहे, त्यासाठी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, घरी प्रयोग करू नये.) वहिनींना खाण्याची भीती नव्हती, लिहिण्याची होती. म्हणाल्या हात चालणार नाही. मी त्यांना एलिस यांचीच गोष्ट सांगितली. मुलींशी बोलायची त्यांना इतकी भीती की १९ व्या वर्षी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बागेत महिनाभर बाकावर बसलेल्या बायकांशेजारी जाऊन बसले, १३० जणी, त्यातल्या ३० उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलले, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. वहिनी म्हणाल्या, "आणि मी पाचवरच बसले."

सहावी वही घेऊन आल्या. वाचून दाखवा म्हटलं. "शनिवार रात्र, सराफा. भुट्ट्याचा कीस एक प्लेट, रबडी अर्धी, अर्धी ह्यांनी खाल्ली. छान होती. रविवार, पोहे, शेव थोडी, जलेबी नाही. नेहरू पार्क ३० मिनिटं." 'छान होती' वाचताना आवाज बदलला त्यांचा. सहा वह्यांत खाण्याबद्दल पहिल्यांदा चांगला शब्द आला होता.

मिस्टरांना एकदा बोलावून घेतलं. "परत सुरू झालं का तुझं?" हे त्यांचं घरातलं वाक्य होतं, ते चेष्टेने म्हणत, तिला ते टोचायचं. सांगितल्यावर त्यांनी बंद केलं, भला माणूस आहे.

वजनकाट्याबद्दल मात्र ठामपणे सांगते. रोज सकाळी काट्यावर उभं राहून मूड ठरवू नका. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, म्हणून डाएटच्या पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन उतरतं आणि एका लग्नाच्या जेवणानंतर तसंच झपकन चढतं. दोन्ही वेळा त्यात चरबी थोडी आणि पाणी जास्त. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन करा आणि महिन्याचा कल बघा. कमरेचं मापही घ्या, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात.

आणि मोटिव्हेशनचं म्हणाल तर, ते आधी येईल मग मी चालायला जाईन अशी वाट बघणारे लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. वहिनींना ते सहाव्या वहीच्या तिसऱ्या महिन्यात आलं, दोन महिने त्या मन नसतानाच चालत होत्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच मोजायला सांगते की मोडल्यानंतर परत सुरू करायला किती दिवस लागले. वहिनींचे आधी सात-आठ महिने जायचे. मग अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री मोडलं तेव्हा चार दिवस. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, एक दिवस.

चौदा महिन्यांनी वजन ७८.८ होतं. मधे दोनदा ८० च्या वर गेलं होतं, दोन्ही वेळा वहीत आहे. शुगर बॉर्डरच्या खाली आली, डॉक्टर खूश होते.

गेल्या महिन्यात भाच्याचं लग्न होतं देवासला, चार दिवस. सोमवारी संध्याकाळी मी काळजीने फोन केला, कसं झालं विचारलं. म्हणाल्या, "दीड किलो वाढलं. लिहिलंय सगळं, गुलाबजामसकट. मॅडम, नंतर बोलू का? बूट घालून दारात उभी आहे, अंधार पडायच्या आत फिरून यायचंय."