नवीन मॉनिटर जोडल्यापासून डेस्कटॉपचा आवाज गेलाय, साऊंड कार्ड बदलावं लागेल का?

कार्ड अजिबात घेऊ नका. तुम्हीच लिहिलंय की तेच स्पीकर मोबाईलला लावले तर व्यवस्थित वाजतात, म्हणजे स्पीकर ठणठणीत आहेत. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. अशा तक्रारीत बहुतेक वेळा आवाज बंद झालेला नसतो, भलतीकडे जात असतो. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. नवीन मॉनिटर दिसला की विंडोज कधीकधी आवाज तिकडेच पाठवतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसले की सगळं चिडीचूप.

एखादं गाणं चालू ठेवा. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साऊंड सेटिंग्ज उघडा, अगदी तळाशी 'मोअर साऊंड सेटिंग्ज' आहे (विंडोज १० मध्ये 'साऊंड कंट्रोल पॅनेल'). तिथल्या 'प्लेबॅक'च्या यादीत प्रत्येक नावापुढे एक उभी पट्टी दिसेल. गाण्याबरोबर हिरवा रंग ज्या पट्टीत वरखाली होतोय, आवाज तिकडे चाललाय. तो मॉनिटरच्या नावापुढे हलत असेल तर 'स्पीकर्स' निवडा आणि 'सेट डिफॉल्ट' दाबा. झालं काम.

स्पीकर्सपुढेच हिरवं हलतंय आणि तरी आवाज नाही? मग विंडोजमध्ये खुडबुड करत बसू नका, पिन बघा. मागच्या बाजूला हिरव्या भोकात हवी. गुलाबी माईकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पिनेवर गंज धरतो, ती दोन-चार वेळा काढून, फिरवून परत घाला.

यादीत 'स्पीकर्स' हे नावच नसेल तर मोकळ्या जागेत राइट क्लिक करून बंद केलेली उपकरणं दाखवायला सांगा. तरी नाही दिसलं तर ड्रायव्हर (विंडोजला आवाजाचा भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर अपडेट करतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तानपुऱ्याचं ॲप लावल्यावर मागे येणारी घूंऽऽ. तानपुरे घडवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहून रियाज करणाऱ्याला ती किती खुपत असेल ते समजतं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचीच गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. कॉम्प्युटरमधून स्पीकरची पिन उपटा. घूं थांबली तर ती कॉम्प्युटरच्या बाजूने येतेय. सीपीयू आणि स्पीकर विजेच्या एकाच बोर्डवर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर जाते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण आत अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आवाजाचं नंतर बघू, आधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या.