उत्तराची पानं आधी वाच

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मिळाला. अर्थमंत्री म्हणून चिंतामणराव देशमुखांनी संसदेतल्या चर्चांत काय भर घातली, हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की 1956 चा राजीनामा आठवतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्याआधीची सहा वर्षं हा माणूस देशाचा हिशेब सभागृहात मांडत होता, त्यावरचे हल्ले अंगावर घेत होता, हे फारसं कुणी वाचत नाही. तू वाचणार आहेस, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आराखड्यात 1951 ते 1956 या वर्षांच्या अर्थसंकल्पी भाषणांना तू एकेक प्रकरण दिलं आहेस. ही मांडणी मोड, असं मी स्पष्टच सांगतो. अर्थसंकल्पाचं भाषण सगळं मंत्रालय मिळून तयार करतं. खाती आकडे पाठवतात, सचिव खर्डे घासूनपुसून देतात आणि मंत्री ते वाचतो. त्यात मंत्र्याचा विचार असतोच, पण तो किती आणि खात्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण. मंत्री उघडा पडतो किंवा उजळून निघतो तो पुढच्या आठवड्यांत. आधी सर्वसाधारण चर्चा, मग एकेका खात्याच्या खर्चाच्या मागण्या, मग करांचं वित्त विधेयक, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचं उत्तर. अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येत असतात, पण उभं राहून बोलायचं असतं ते त्यालाच. म्हणून प्रत्येक वर्षाचं उत्तराचं भाषण आधी वाच. त्यात कुणाकुणाच्या मुद्द्यांना उत्तर दिलंय ते टिपून घे, मग मागे जाऊन त्या सदस्यांची भाषणं काढ. कुणाला उत्तर दिलंच नाही, याचीही नोंद ठेव; ती तुला पुढे फार उपयोगी पडेल.

पुण्यात राहून हा विषय घेतल्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांना वळसा घालून पुढे जाता येणार नाही. 1902 चं, ब्रिटिश सरकारच्या कायदेमंडळातलं त्यांचं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण तू वाचलं असशीलच. सरकारी तिजोरीत शिल्लक पडतेय म्हणून सरकार समाधानी होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून सांगितलं की ही शिल्लक भरभराटीची नाही, गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्याची आहे. ही तयारी एका रात्रीत झालेली नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचायची शिस्त लावली होती, आणि गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांचा आकड्यांचा व्यासंग त्यांच्या पाठीशी होता. 1903 मध्ये मिठावरचा कर उतरला, प्राप्तिकराची सूट 500 वरून 1,000 रुपयांवर गेली. सगळं श्रेय त्या एका भाषणाला देऊ नकोस. पण एक गोष्ट मात्र ठळकपणे लिही: गोखल्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याचा हक्क होता, मत देण्याचा नव्हता. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणं सरकारवर बंधनकारक नव्हतं. पन्नास वर्षांनी देशमुख ज्या लोकसभेसमोर उभे राहिले, तिला मागणी नाकारता येत होती, कमी करता येत होती. घटनेच्या कलम 113 मध्ये ते नीट लिहिलेलं आहे. मागणी वाढवण्याचा अधिकार मात्र सभागृहाला नाही. गोखल्यांना जे उत्तर हक्काने मिळालं नाही, ते देणं देशमुखांच्या वाट्याला आलं. तुझ्या प्रबंधाला सूत्र हवं असेल तर मला हे सर्वांत पटतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. तुझ्या आराखड्यात इस्टेट ड्यूटी, म्हणजे माणूस वारल्यावर त्याच्या मिळकतीवर बसणारा मृत्युकर, एका ओळीत उरकला आहे. त्याला निम्मा प्रबंध दिलास तरी चालेल. 1953 चा हा कायदा देशमुखांनी संसदेतून पार पाडला आणि 15 ऑक्टोबर 1953 पासून तो लागू झाला. यात अर्थमंत्र्याचा स्वतःच्या तिजोरीसाठी लाभ जवळपास नव्हताच. कर केंद्राने बसवायचा, केंद्राने गोळा करायचा आणि उत्पन्न राज्यांना द्यायचं, अशी कलम 269 ची तरतूद होती. शेतजमीन तर राज्यांच्या यादीतली. राज्याने ठराव केल्याशिवाय तिथल्या शेतजमिनीला हा कायदा लागूच होत नव्हता. म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाणाऱ्या पैशासाठी हा मंत्री आपल्या माथी रोष घेत होता. असा मंत्री सभागृहात काय युक्तिवाद करतो, ते बघण्यासारखं असतं.

त्यात हिंदू कायद्याची गुंतागुंत. आपल्याकडे मिताक्षरा ही वारसाहक्काची पद्धत चालते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क येतो, म्हणून वडील वारले की करासाठी मिळकत म्हणून धरला जात होता तो फक्त त्यांचा हिस्सा. बंगालात दायभाग, तिथे वडील हयात असेपर्यंत मिळकत त्यांचीच, ते गेल्यावर सगळीच्या सगळी वारसांकडे येते. सारखीच श्रीमंती असलेली दोन घरं, एक साताऱ्यातलं, एक बर्दवानचं. कराचा बोजा मात्र वेगवेगळा. कायद्याने यावर तोडगा काढला तो असा: मिताक्षरा कुटुंबातल्या हिश्शाला 50,000 रुपयांपर्यंत सूट, इतरांना 1,00,000 पर्यंत. हे दोन आकडे नुसते नोंदवून पुढे जाऊ नकोस. त्यांच्या मागे विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या सिलेक्ट कमिटीचं काम आहे, वेगवेगळ्या प्रांतांतल्या सदस्यांची ओढाताण आहे. विधेयकाच्या मूळ मसुद्यापासून मंजूर कायद्यापर्यंत एकेक कलम शेजारी शेजारी मांड. मंत्री कुठे सरकला आणि कुठे अडून राहिला, हे तुला कुणाच्याही चरित्रापेक्षा तिथे जास्त कळेल. आणि त्याच प्रकरणात 1985 चं अर्थसंकल्पी भाषण जोड. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हा कर रद्द केला तो उत्पन्न थोडं आणि वसुलीचा व्याप मोठा, या कारणाने. 1953 मध्ये दिलेली आशा आणि 1985 मध्ये निघालेला हिशेब यांची गाठ तुला घालून द्यायची आहे.

स्टेट बँकेची गोष्ट पुण्याला अधिक जवळची. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी करवली. समितीचे अध्यक्ष गोरवाला, आणि सदस्यांत आपल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. सर्वांत मोठा वाटा सावकाराच्या हातात. खेड्यापर्यंत पोचणारी सरकारी भागीदारीची बँक हवी, ही शिफारस तिथून आली. इंपीरियल बँकेचं रूपांतर होऊन 1 जुलै 1955 ला स्टेट बँक सुरू झाली, पाच वर्षांत 400 शाखा उघडायचं बंधन घेऊन. मुदत संपेपर्यंत तो आकडा पार झाला. एका पाहणीतला आकडा मंत्र्याच्या तोंडी कसा येतो, मग कायद्याचं कलम कसा होतो, हे दाखवायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. बीएमसीसी रस्त्यावर संस्थेचं ग्रंथालय आहेच. पाहणीचा अहवाल तिथे मागून बघ, आणि सभागृहातलं भाषण समोर ठेवून वाच. लोकसभेचे जुने वृत्तान्त आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या मिळतात.

तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे उत्पन्नाबाहेरचा खर्च नवा पैसा काढून भागवण्यावर, मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर तुझं वाचन चांगलं आहे. पहिली पंचवार्षिक योजना 2,069 कोटींची ठरली आणि पुढे 2,378 कोटींवर गेली; दुसरीचा सरकारी खर्च 4,800 कोटी, त्यातले 1,200 कोटी तुटीतून उभे करायचे. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला देशमुखांसारखा माणूस हे सभागृहात कसं समजावतो, एवढ्या एका प्रश्नाला धरून राहा. अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेनॉय यांची दुसऱ्या योजनेवरची 1955 ची मतभेदाची टिपणी शेजारी ठेवून वाच. बाकी अर्थशास्त्राचा इतिहास लिहीत बसू नकोस.

वाचताना एक गोष्ट तुला गोंधळात टाकेल. एखादा सदस्य कोट्यवधींच्या मागणीतून 100 रुपये कमी करा म्हणतो आणि मग अर्धा तास एखाद्या सरकारी कारखान्याबद्दल किंवा निर्वासितांच्या छावणीबद्दल बोलतो. ही कपात सूचना. 100 रुपयांची असली तर एखादी ठरावीक तक्रार मांडायची आहे. मागणी 1 रुपयावर आणा अशी असली तर धोरणच मान्य नाही. खर्च खरोखर कमी व्हावा म्हणून असेल तर नेमकी रक्कम दिलेली असते. सरकारचं बहुमत असल्यामुळे या सूचना मंजूर होत नाहीत, म्हणून बरेच अभ्यासक त्या वगळतात. तू वगळू नकोस. मंत्र्याने मत न मागता आश्वासन दिलं की सूचना मागे घेतली जाते, आणि ते आश्वासन पुढच्या वर्षी कुणी तरी पुन्हा काढतं. अशी एक तरी साखळी शोधून काढ.

आकड्यांच्या बाबतीत चारही रकाने वाचायची सवय लाव: मागच्याच्या मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. आपल्या महापालिकेत वर्षभर वर्गीकरणाचे प्रस्ताव येत राहतात, रस्त्याचा पैसा ड्रेनेजला आणि ड्रेनेजचा आणखी कुठे. त्या बातम्या तू वाचतेसच. वरच्या पातळीवरही पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चात, हाच खेळ दिसतो. फेब्रुवारीत दिलेला शब्द आणि त्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च यांत किती अंतर पडलं, हे सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीच्या अहवालांतून शोधावं लागतं. काम किचकट आहे. पण ते न करता मंत्र्याला शाबासकी देणं किंवा दोष देणं मला मान्य नाही.

देशमुखांचं मोजमाप करायला शेजारी दुसरं कुणी हवं. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांचंच. जानेवारी 1956 मध्ये वटहुकूम निघाला, 1 सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं, तोवर ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. पुढच्याच वर्षी त्या महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्राच्या सहा कंपन्यांमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत ते प्रकरण लावून धरलं, न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये देशमुखांनंतरचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. देशमुखांनी विम्याचं विधेयक मांडताना महामंडळावर संसदेची देखरेख कशी राहील याबद्दल काय सांगितलं होतं, ते काढ आणि त्या चर्चेशेजारी ठेव. इथे तुला देशमुखांबद्दलही काही कठोर लिहावं लागलं तर बिचकू नकोस. मराठी माणूस म्हणून त्यांच्यावर माझी माया आहे, तुझीही असेल. ती प्रबंधात उतरू देऊ नकोस.

राहिला राजीनामा. जुलै 1956 मधलं त्यांचं लोकसभेतलं निवेदन तू परिशिष्टात टाकलं आहेस. ते मुख्य भागात घे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचाराला आलाच नाही, हा त्यातला त्यांचा मोठा आक्षेप होता. नेहरूंना तो मान्य नव्हता. निर्णय कुणी घेतला, कुठे घेतला, तो घ्यायचा अधिकार कुणाचा होता, हेच तर सहा वर्षं विरोधी सदस्य अर्थमंत्र्याला विचारत होते. त्या दिवशी तो प्रश्न स्वतः त्याने विचारला. हे निवेदन अर्थकारणाबाहेरचं म्हणून बाजूला ठेवलंस तर तुझ्या हातून फार मोठी गोष्ट निसटेल.

आता कामाचं. पहिलं प्रकरण आधी लिहायचा हट्ट नको. मृत्युकरापासून सुरुवात कर, मसुदा आणि कायदा यांचा कलमवार तक्ता करून मला पाठव. मिताक्षरेचा भाग अडला तर रविवारी सकाळी घरी ये. हिंदू कायद्याची जुनी पुस्तकं माझ्याकडे आहेत, ती घेऊन बसू.

तुझे,
सर