वाचकांचे प्रश्न : अमेरिकन फुटबॉल संघाचा हिशेब कोण ठेवतो?

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघात पराग मराठे नावाचे मोठे अधिकारी आहेत, असं मुलगा सांगतो. ते पूर्वी खेळायचे का? नेमकं काय काम करतात?
*– एक वाचक, रामबाग, इंदूर*

खेळाडू म्हणून ते आले नाहीत, हिशेबाच्या दारातून आले. बर्कलीची पदवी, पुढे स्टॅनफर्डचं एमबीए. 2001 मध्ये ते बेन अँड कंपनी या सल्लागार संस्थेत होते आणि संघाने त्या संस्थेला एक काम दिलं होतं: ड्राफ्टमधल्या प्रत्येक क्रमांकाची खरी किंमत काढून द्या. त्या कामातून ते संघात शिरले ते तिथलेच झाले.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची वाटणी. 32 संघ, सात फेऱ्या, आणि आपला क्रमांक दुसऱ्या संघाशी बदलून घेण्याची मुभा. या अदलाबदलीसाठी डॅलस काउबॉइजने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एक तक्ता बनवला. पहिल्या क्रमांकाला 3000 गुण, सोळाव्याला 1000, बत्तिसाव्याला 590. सगळी लीग, म्हणजे एनएफएल, त्याच तक्त्यावर सौदे करू लागली. गंमत अशी, की तक्ता वरच्या क्रमांकांना फार चढा भाव देतो. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अर्थशास्त्रज्ञांनीही पुढे हेच दाखवलं: वरच्या खेळाडूचा पगार मोठा, शिवाय निवड फसण्याची शक्यता असतेच, त्यामुळे जरा खालचा क्रमांक पैशाच्या मानाने जास्त देऊन जातो.

मराठे यांचं मुख्य काम करारांची बोलणी आणि पगारमर्यादेचं (एका संघाने हंगामात खेळाडूंवर कमाल किती खर्च धरायचा, याचं) गणित. खेळाडू कोणता घ्यायचा, हे जनरल मॅनेजर जॉन लिंच पाहतात. ते स्वतः नावाजलेले खेळाडू, 2017 मध्ये थेट टीव्ही समालोचनातून या खुर्चीत आले. मंडईत भाजी पारखणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, तसंच हे. मराठे आता संघाच्या गुंतवणूक शाखेचेही प्रमुख आहेत. 2023 मध्ये या शाखेने लीड्स युनायटेड हा इंग्लिश क्लब पूर्ण ताब्यात घेतला, तेव्हापासून ते त्याचे अध्यक्ष आहेत. काही काळ यूएसए क्रिकेटचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं.

पगारमर्यादा म्हणजे आयपीएलची पर्सच ना? मग खेळाडूला काढल्यावरही त्याचे पैसे मर्यादेत का धरतात?
*– लोकमान्यनगर, इंदूर*

पर्स नव्हे, आणि सगळा घोळ इथेच होतो. आयपीएल 2025 च्या लिलावात संघाला 120 कोटी रुपये होते. खेळाडूची त्या हंगामाची किंमत त्याच हंगामात वजा, विषय संपला. एनएफएलमध्ये 2025 ची मर्यादा संघामागे 27.92 कोटी डॉलर होती, पण खिशातून गेलेला पैसा आणि मर्यादेत धरलेला पैसा ही दोन वेगळी खाती आहेत.

एक काल्पनिक करार घेऊ. चार वर्षं, सहीचा बोनस 4 कोटी डॉलर. मूळ पगार पहिल्या वर्षी 20 लाख, दुसऱ्या वर्षी 1 कोटी, तिसऱ्या वर्षी दीड कोटी. पहिल्या वर्षी खेळाडूच्या हातात 4 कोटी 20 लाख पडतात. मर्यादेत मात्र 1 कोटी 20 लाखच दिसतात, कारण बोनस वर्षांवर समान वाटून धरतात (जास्तीत जास्त पाच वर्षं). आता दोन वर्षांनी त्याला काढलं, तर उरलेला 2 कोटींचा बोनस एकदम तिसऱ्या वर्षाच्या माथी. ठेवला असता तर अडीच कोटी धरले असते, काढून 2 कोटी धरले. वाचले किती? फक्त 50 लाख, आणि खेळाडूही गेला. गेलेल्या खेळाडूपोटी धरलेल्या या 2 कोटींना डेड मनी म्हणतात.

1 जूननंतर काढलं, तर 1 कोटी या वर्षी आणि 1 कोटी पुढच्या वर्षी असे दोन हप्ते पडतात. दोन खेळाडूंना 1 जूनआधीच काढूनही ही सवलत लावता येते, पण सुटलेली जागा जूनमध्येच हातात येते. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार मार्चमध्ये उघडतो. म्हणजे गरज असते तेव्हा जागा नाही, जागा मिळते तेव्हा चांगला माल उठलेला.

खरं उदाहरण हवं तर डेन्व्हर ब्राँकोजचं. रसेल विल्सनला त्यांनी 2022 मध्ये मोठी किंमत मोजून आणलं आणि संघासाठी तो एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांचा 24.26 कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. मार्च 2024 मध्ये त्याला सोडलं. डेड मनी सुमारे साडेआठ कोटी: 2024 मध्ये 5.3, 2025 मध्ये 3.2. त्या 2024 ची मर्यादा 25.54 कोटी होती, म्हणजे पाचवा हिस्सा संघात नसलेल्या माणसावर. तो पिट्सबर्गकडून किमान पगारावर खेळला आणि मोठा पगार डेन्व्हरच भरत राहिलं. आमच्या मते चूक खेळाडू आणण्यात कमी होती, घाईने करार वाढवण्यात जास्त.

बातमीतला करार 12.6 कोटी डॉलरचा आणि खेळाडूला मिळतात त्याहून कितीतरी कमी, असं कसं?
*– सुदामानगर, इंदूर*

तो आकडा छापण्यासाठी असतो. फोर्टीनाइनर्सच्या कॉलिन केपरनिकचा 2014 चा करार कमाल 12.6 कोटींचा होता, सहीच्या क्षणी पक्के (म्हणजे काढलं तरी मिळणारच असे) सुमारे 1.3 कोटी. बाकीचा पगार वर्षावर्षाने, 1 एप्रिलला पक्का होणारा. करार वाचताना तीनच गोष्टी पाहा: सहीला पक्के किती, पुढचं वर्ष कोणत्या तारखेला पक्कं होतं, आणि ‘पक्के’ म्हणजे फक्त दुखापतीपुरतं की बिनशर्त.

मुलगी सांख्यिकीत एमएस्सी करते आहे. हा खेळ न खेळता या क्षेत्रात शिरता येईल?
*– टिळकनगर, इंदूर*

येईल, वाट अरुंद आहे. फिलाडेल्फिया संघाचे हॉवी रोझमन वकिलीतून आले आणि 2000 मध्ये पगारमर्यादेच्या कामापासून सुरुवात करून 2010 मध्ये जनरल मॅनेजर झाले. 2022 मध्ये मिनेसोटा संघाचे जनरल मॅनेजर झालेले क्वेसी अडोफो-मेन्सा मूळचे वॉल स्ट्रीटवरचे.

आजपासून करण्यासारखं: 1999 पासूनच्या प्रत्येक चालीचा डेटा एनएफएलव्हर्स या खुल्या संग्रहात फुकट मिळतो, तो आर किंवा पायथनमध्ये उतरवा. लीगची बिग डेटा बोल स्पर्धा कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर होते. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधल्या चिपा सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवतात, तोच डेटा तिथे हाताळायला मिळतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला 2020 चा कामगार करार जाहीर आहे आणि तो 2030 च्या हंगामापर्यंत चालेल. त्यातला पगारमर्यादेचा भाग वाचल्याशिवाय अर्ज करू नये. आणि मॉडेल कितीही भारी असो, प्रशिक्षकासमोर एकच पान ठेवायचं, हे बहुतेकांना जमत नाही.

अमेरिकेत शिकायला जायचं तर अभ्यासक्रमाचा कोड स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. असेल तर शिक्षणानंतर कामाची मुभा 12 महिने अधिक 24, नसेल तर फक्त 12. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक सोडत आहेच. 12 महिन्यांत ती एकदाच गाठता येईल, असं धरून चाला.

ड्राफ्ट इथे बसून पाहता येतो का?
*– पलासिया, इंदूर*

एप्रिलअखेरीस, आपल्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. पहिली फेरी साडेतीन तासांच्या आसपास चालते, पोहे-जलेबी आणून निवांत बघण्यासारखी. शेजारी गुणांचा तक्ता ठेवा आणि अदलाबदल जाहीर झाली की दोन्ही बाजूंची बेरीज करून पाहा.