नाव बदललं, पत्र तेच

प्रश्न : गोदामातल्या साठ्याचा हिशेब ठेवायचं काम मी सहा वर्षं करते आहे. चार महिन्यांत तीसेक ठिकाणी अर्ज केले. सोबतच्या पत्रात 'आपल्यासारख्या नामांकित संस्थेत' असं लिहून कंपनीचं नाव तेवढं बदलते. उत्तरं दोनच आली, तीही नकाराची. सगळे सांगतात, कंपनीची माहिती काढून लिही. पण काढायची म्हणजे काय, आणि पत्रात घालायची कुठे?

उत्तर : 'आपल्यासारख्या नामांकित' दिसलं की मी पुढचा अर्ज उचलायचे. अकरा वर्षं भरतीचे अर्ज चाळले आहेत. एका पत्रात वर आमचं नाव होतं आणि खाली दुसऱ्याच कंपनीत रुजू व्हायची उत्सुकता!

अर्थात, हसायचा हक्क मला नाही. मीही एका अर्जात वेबसाइटवर वाचलेल्या सेवेचं तोंडभरून कौतुक केलं होतं. मुलाखतीत समोरचे गृहस्थ म्हणाले, "ती गेल्या वर्षीच बंद केली. तोट्यात होती."

माहिती काढायची ती त्यांचं काय अडलंय हे कळण्यासाठी. लिओनार्दो दा विंचीनं 1482 च्या सुमारास मिलानचा कारभार हाती असलेल्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे काम मागितलं, तेव्हा पत्रात हलके पूल, तोफा, वेढ्याची साधनं यांचाच भरणा होता. चित्रकला अगदी शेवटी. स्फोर्झाला काळजी लढाईची होती.

तुमच्या बाबतीत निम्मं उत्तर जाहिरातीतच असतं. कोणतं काम दोनदा लिहिलंय ते बघा. त्याच कंपनीच्या बाकीच्या जाहिरातीही वाचा : पॅकर, ड्रायव्हर, सुपरवायझर एकदम मागवत असतील तर बहुधा काम वाढतंय. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल खुला असतो. अध्यक्षांचं निवेदन सोडा, जोखमींचा भाग वाचा. तीच जागा वर्षात तिसऱ्यांदा निघाली असेल, तर ते पत्रात नको, मुलाखतीत विचारा.

समजा, तीन गोदामांचा साठा एका सॉफ्टवेअरवर आणायचाय असं कळलं. मग पहिल्याच परिच्छेदात लिहा : 'दोन गोदामांचा साठा एकत्र आणायचं काम मी केलं आहे. पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ बसत नव्हता, कारण एकाच मालाला दोन कोड होते. आधी कोड एक केले, मग मोजणी घेतली.' ही माझी वाक्यं उतरवू नका; तुमच्या सहा वर्षांत असा एखादा गुंता असेलच. स्तुतीची ओळ गाळली तरी चालेल.

एका अर्जाला तास-दीड तास जाईल, म्हणजे अर्ज कमी होतील. होऊ द्या.

पत्र वाचणाऱ्याचं नाव मिळालं तर घाला, पण शोध तिथे थांबवा. एकानं माझ्या सहलीच्या फोटोंचा उल्लेख केला होता. ते पत्र मी पुढे वाचलंच नाही.