कपडेपटातून : ब्रँडोचा टी-शर्ट आणि नाशिकचा उन्हाळा

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत नोकरी करतो. वर्षभरापासून जुने अमेरिकन चित्रपट बघायचा नाद लागलाय. मार्लन ब्रँडो, जेम्स डीन, स्टीव्ह मॅक्वीन. जीन्स, पांढरा टी-शर्ट, लेदर जाकीट, दणकट बूट, असं राहायचंय मला. १५ हजार साठवलेत, जाकिटापासून सुरुवात करावी म्हणतो. पण मित्र विचारतात, “गॅदरिंगला निघालास का?” काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जाकीट राहू दे. ते पैसे बुटांना आणि शिंप्याला दे.

शिंप्याला का, ते सांगते. पडद्यावरचे हे लोक बेफिकीर दिसतात, मिळेल ते अंगात अडकवून आल्यासारखे. माझं उभं आयुष्य नाटक-सिनेमाच्या कपडेपटात गेलं, त्यामुळे माझा त्या बेफिकिरीवर विश्वास नाही. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९५१) मधला ब्रँडोचा टी-शर्ट घे. त्या काळी बाजारात मिळणारे टी-शर्ट ढगळ असत. वेशभूषाकार लुसिंडा बॅलार्ड यांनी ते अंगाबरोबर आत घ्यायला लावले, जीन्सही अंगाबरोबर बसवून घेतली. तो रांगडेपणा टाचण्या लावून, टीप मारून आलेला आहे. आणि टी-शर्ट तेव्हा आतून घालायचा कपडा होता. अमेरिकी नौदलाने १९१३ मध्ये तो खलाशांना दिला, तोही गणवेशाच्या आत घालायला. म्हणजे आपल्याकडे घरातला कर्ता पुरुष बनियनवर दार उघडायला यावा, तसा तो पडद्यावर आला. प्रेक्षक दचकले ते त्यामुळे.

तेव्हा आधी माप. टी-शर्टची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. मुंढा काखेत काचू नये पण लोंबूही नये, आणि बाही दंडाच्या मध्यावर संपावी. कापड जाड हवं, २०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपासचं. पातळ टी-शर्ट दोन धुण्यांत गळ्याशी सैल पडतो आणि मग तो खरंच बनियन दिसतो.

जीन्सचं म्हणशील, तर जुन्या चित्रपटांत ती बेंबीच्या जवळ बसते. आसन उंच असतं. हल्लीची जीन्स कमरेखाली घसरते, म्हणून ब्रँड तोच असला तरी ऐट तीच येत नाही. तेव्हा दुकानात आसन बघ, स्ट्रेच नसलेलं कापड बघ आणि पाय सरळ बघ. खाली निमुळती होत जाणारी नको. परदेशी लेबलच हवं असंही नाही. अहमदाबादच्या अरविंदचं डेनिम जगभर जातं, आपल्या यवतमाळलाही रेमंडच्या गिरणीत डेनिम विणतात. कापडाचं वजन (ते चौरस यार्डाला मोजतात) १२ औंसांच्या आसपास ठेव. त्याहून जड घेशील तर एप्रिलमध्ये नाशिकला तुझे हाल कुत्रा खाणार नाही.

कोरं, न धुतलेलं डेनिम घेणार असशील तर ‘सॅन्फोराइज्ड’, म्हणजे गिरणीतच आटवून घेतलेलं, आहे का ते विचार. नसेल तर पहिल्या पाण्यात ते शंभरात दहापर्यंत आटू शकतं. आधी भिजव, वाळव, मगच लांबी कापायला दे. ‘सहा महिने धुवू नका’ असा सल्ला तुझ्या वाचनात आला असेलच. आपल्या घामाच्या मुलखात तो पाळू नकोस. उलटी करून गार पाण्यात धू, सावलीत वाळव. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला असतो, तोही वरवरच. आतला गाभा पांढराच राहतो आणि आडवा धागा तर मुळातच पांढरा. म्हणून जिथे घासलं जातं तिथे पांढरं उमटतं. गुडघ्यामागे, खिशातल्या मोबाईलच्या कडेला, मोटारसायकलवर बसतोस तिथे. वर्षभरात ती आपोआप तुझी होते.

हेच काम कारखान्यात करून आणलेली फाटकी, विटकी जीन्स मात्र घेऊ नकोस. नाटकात शेतकऱ्याचा नवा सदरा आम्हीही चहाच्या पाण्यात बुडवून, पॉलिश पेपरने घासून जुना करतो. पण प्रेक्षक तीस फुटांवर असतो. तुझ्यासमोर माणूस दोन फुटांवर उभा राहणार, आणि खोटी सुरकुती लगेच कळते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जीन्स विटवण्यासाठी तिच्यावर वाळूचा फवारा मारत, त्या धुळीने तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला, माणसं मेली. २००९ मध्ये तिथे त्या पद्धतीवर बंदी आली.

आता बूट. १५ हजारांतला निम्मा भाग इथे घाल. हे सगळे कपडे मुळात कष्टकऱ्यांचे. नेवाडातल्या रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने मजुरांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि लिव्हाय स्ट्रॉसबरोबर १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बुटांचंही तेच. तळ झिजला की बदलायचा, वरचं चामडं तसंच. गुडइयर वेल्ट शिवणीचे, म्हणजे तळ कडेच्या पट्टीला शिवलेले, बूट माग. तळाच्या कडेने वरून टाके दिसतात, पण नुसते टाके बघून भुलू नकोस, काही बुटांवर ते शोभेचे असतात. “तळ बदलून मिळेल का?” हे विचार. तमिळनाडूत अंबूर-राणीपेटला निर्यातीचे उत्तम बूट बनतात, देशी बनावटीत चांगला जोड मिळतो.

आणि लेदर जाकीट? ब्रँडोने ‘द वाइल्ड वन’ (१९५३) मध्ये घातलेल्या घाटाचं तिरक्या चेनचं जाकीट न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटारसायकलवाल्यांसाठी काढलं. गार वारा अंगावर घेणाऱ्यांसाठी. तुला ते डिसेंबर-जानेवारीत चालेल, पावसाळ्यात त्याला बुरशी येईल. त्यापेक्षा जेम्स डीनकडे बघ. ‘रेबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) मध्ये त्याच्या अंगात लेदर नाहीच, लाल कापडी जाकीट आहे, आपण विंडचिटर म्हणतो तसं. त्या चित्रपटाचं काम आधी कृष्णधवल सुरू झालं होतं. पुढे तो रंगीत केला, आणि आज चित्रपट न बघितलेल्यांनाही तो लाल रंग ठाऊक असतो. कमरेपर्यंतचं, साधं, एका रंगाचं विंडचिटर घे. पाठीवर अक्षरं नकोत.

उन्हाळ्यात सरळ मॅक्वीनच्या वाटेने जा, सुती चिनो आणि टी-शर्ट. दुसरं महायुद्ध संपल्यावर परतलेले सैनिक त्याच खाकी विजारी घालून कॉलेजात बसले, तिथून त्या घरोघरी गेल्या.

मित्रांचं उत्तर सोपं आहे. एका वेळी एकच गोष्ट पडद्यावरची ठेव. बूट घातलेस तर वर साधा शर्ट. लाल विंडचिटर घातलंस तर केसांना ब्रिलियंटाइन नको.

प्रश्न : ही सगळी पुरुषांचीच फॅशन. आम्ही बायकांनी काय करायचं? वय ३८.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पुरुषांची कशी? बायकांसाठी ‘लेडी लिव्हाइज’ ही जीन्स १९३४ मध्येच आली. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रँचवर (गुरांच्या मळ्यांवर) सुट्टीला जाणाऱ्या शहरी बायका ती घालत. ‘द मिसफिट्स’ (१९६१) मधली डेनिम जाकिटातली मॅरिलिन मन्रो बघा, दागिना-झगमग काही नाही.

शर्ट खुशाल पुरुषांच्या विभागातून घ्या, खांदा बसला की झालं. पुरुषांची जीन्स घ्याल तर सीटला बसेल आणि कमरेला मागून सैल राहील. शिंपी टक्स घालू म्हणेल, घालू देऊ नका. मागची मधली शिवण उसवून आत घ्यायला सांगा. कमरेची पट्टी आणि योक (तिच्या खालचा मागचा जोड) दोन्ही उघडावे लागतात, म्हणून तो कुरकुरेल. दोन पैसे जास्त द्या.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, ऊसवाला. काऊबॉय हॅट घालावीशी वाटते. सून हसते.
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : काका, ती टोपी उन्हापावसात काम करणाऱ्यांसाठीच आहे. जॉन स्टेट्सन यांनी १८६५ मध्ये फिलाडेल्फियात ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ काढली ती रुंद काठाची, उंच माथ्याची आणि बीव्हर या प्राण्याच्या केसांच्या फेल्टची (दाबून केलेल्या जाड नमद्याची). फेल्ट मात्र शिरोळच्या उन्हात घालू नका, डोकं शिजेल. तिकडचे गुराखीही उन्हाळ्यात गवती टोपीच घालतात, तशी घ्या. कानाच्या वरून, कपाळाच्या मध्यावरून टेप फिरवून माप द्या. फडात खुशाल घाला. लग्नाला फेटाच बांधा, आणि सुनेसाठीही एक टोपी मागवा.